‘कर्टेल’ म्हणजे काय छाटणे?

सरकारी इंग्रजीत ‘कर्टेल’ हा शब्द वारंवार येतो. अर्थ, कमी करणे. त्यात ‘टेल’ म्हणजे शेपूट आहे, असे पुष्कळांस वाटते. परंतु मूळ लॅटिन ‘कुर्तुस’ म्हणजे आखूड. त्यावरून फ्रेंचांनी शेपूट छाटलेल्या घोड्यास नाव दिले. इंग्रजांनी त्याच्या वर्णलेखनात ‘टेल’ मागाहून घुसडले.

शेपूट छाटल्याने घोड्याचे ओझे मात्र कमी होत नाही. आमचेही तसेच झाले. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. त्याच वर्षी अनुसूचित जातींचा आदेश निघाला आणि काही शीख जाती वगळता हिंदूंखेरीज सर्वांस त्याबाहेर ठेवले गेले. १९५६ साली आम्ही धम्मदीक्षा घेतली. केंद्राच्या यादीतले नाव गेले. पाणवठ्यावरचा विटाळ गेला काय? महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती आधी दिल्या. केंद्रास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे!

ज्यास ते ‘सवलत’ म्हणतात, तो आमचा हक्क होय. सवलत देणारा ती छाटूही शकतो. हक्क छाटणाऱ्यास जाब द्यावा लागतो. म्हणून मुलांना हा शब्द मुळासकट शिकवा. आदेशातली कात्री त्यांना वाचता आली पाहिजे.