पडद्याचा हिशेब

पंढरपूरच्या बाजारपेठेचे वर्ष चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांनी मोजले जाते. आषाढी पार पडली, घाऊक व्यापाऱ्यांची देणी चुकती झाली, की हाती थोडी शिल्लक राहते आणि घरातील तरुण मंडळींची यादी पुढे येते. अलीकडे त्या यादीत घरगुती प्रोजेक्टर दिसू लागला आहे. यंत्राची चौकशी दहा ठिकाणी होते. पडदा मात्र उरल्यासुरल्या पैशांत उरकला जातो. वास्तविक यंत्र काही वर्षांत जुने ठरते, पण नीट निवडलेला पडदा पुढच्या यंत्रालाही उपयोगी पडतो. म्हणून पडद्याकडे भांडवली खर्च म्हणून पाहणे योग्य.

पडद्याचे आणि या क्षेत्राचे नाते जुने आहे. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ हा मूकपट १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये दाखवला गेला. पुढे जत्रांतून फिरणाऱ्या तंबूंनी खेडोपाडी सिनेमा नेला, तो साध्या पांढऱ्या कापडावर. ते कापड पुरले, कारण भोवती रात्र होती. पडदा पांढरा असतो. काळा रंग त्याला स्वतःचा नसतोच. खोलीत जेवढा उजेड, तेवढे चित्रातील काळे फिके. म्हणून पहिला खर्च खिडकीच्या जाड पडद्यांचा. जुन्या वाड्यातील माजघर या बाबतीत नव्या इमारतीतील काचेच्या दिवाणखान्याहून सरस ठरते.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि मोह इथेच होतो. १०० इंची पडदा म्हणजे कर्ण १०० इंच. १६:९ प्रमाणात त्याची रुंदी सुमारे २२१ व उंची १२५ सेंटिमीटर भरते. १२० इंची पडदा नावाला वीस इंचांनी मोठा; क्षेत्रफळ मात्र ४४ टक्क्यांनी अधिक. यंत्राचा प्रकाश तेवढाच राहतो. तूप तेवढेच आणि पोळ्या वाढल्या, तर प्रत्येक पोळी कोरडीच होणार. चित्रपटगृहातील डिजिटल प्रक्षेपणासाठी ४८ निट्स उजेड प्रमाण मानला जातो. खरे ५०० आन्सी लुमेन देणारे यंत्र १०० इंची साध्या पडद्यावर सुमारे ५८ निट्स देते, १२० इंचीवर सुमारे ४०. खोक्यावर छापलेला हजारोंचा आकडा आन्सी लुमेनचाच आहे का, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. बैठक पडद्यापासून दहा-बारा फुटांवर असेल, तर १०० इंच पुरेसे आहेत. गादीवर बसून पाहणाऱ्या घरात पडद्याची खालची कड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवावी. वर मान करून पाहिल्यास वडीलधाऱ्यांना त्रास होतो.

तिसरी बाब ‘गेन’. या शब्दाने व्यापारी मनाची सहज फसगत होते. गेन म्हणजे नफा नव्हे. पडदा नवा प्रकाश निर्माण करत नाही. १.० गेनचा मॅट पांढरा पडदा प्रकाश सर्व बाजूंना सारखा वाटतो. जास्त गेनचा पडदा कडेच्या लोकांच्या वाट्याचा प्रकाश काढून मध्ये बसलेल्यांना देतो. नवराबायको दोघेच पाहणार असतील तर ते चालेल. एकत्र कुटुंबात आजी भिंतीला टेकून एका कडेला बसते, नातवंडे दुसऱ्या कडेला लोळतात. तिथे १.० हाच न्याय्य वाटा. उजेडातही चित्र टिकवणारे विशेष पडदे चांगले असतात, परंतु बेताच्या अंदाजपत्रकात ते बसत नाहीत.

आता साहित्य. चादरीतून प्रकाश आरपार जातो आणि सुरकुत्या चित्रात दिसतात. चकचकीत फ्लेक्सवर दिव्याचा झगझगीत डाग उमटतो. गुंडाळता येणारा स्वस्त पडदा सोयीचा, पण कालांतराने त्याच्या कडा वळतात. खोली कायमची राखून ठेवता येत असेल, तर लाकडी चौकटीवर ताणून बसवलेले मॅट पांढरे ब्लॅकआउट कापड कमी खर्चात उत्तम काम देते. सुतार गावातलाच मिळतो. भोवती दोन-तीन इंच रुंदीची काळी मखमली पट्टी लावली, की चित्राची कड स्वच्छ होते आणि तेच चित्र अधिक गडद भासते.

त्याहूनही आधी एक कसोटी घ्यावी. सपाट भिंतीला चमक नसलेला पांढरा रंग द्यावा, पेन्सिलीने दोन-तीन मापे आखावीत आणि पंधरा दिवस सर्वांनी त्यावर पाहावे. कोणते माप सोयीचे, हे कागदापेक्षा भिंत खरे सांगते. कधी कधी पडदा घेण्याची गरजच नाही, असेही ती सांगते.

राहता राहिला पैशांचा मार्ग. ‘शून्य टक्के व्याज’ ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवले होते. व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा हुकलेल्या रोख सवलतीत दडलेले असते. कार्तिकीच्या मालभरणीसाठी लागणारे खेळते भांडवल तर या खरेदीत मुळीच अडकवू नये. करमणुकीची वस्तू शिल्लकेतून घ्यावी. हप्ता फेडण्याची चिंता डोक्यावर घेऊन पाहिलेला चित्रपट कितीही मोठ्या पडद्यावर असला, तरी घराला विसावा देत नाही.