कोट चढवला, वकील कधी दाखवणार?

१४ एप्रिलला चिमुकल्यांना निळा कोट चढवला, पाठ केलेलं भाषण म्हणवून घेतलं, की झाली जयंती? बाबासाहेब बॅरिस्टर होते हे पोरं घोकतात. वकील दिवसभर काय करतो, हे त्यांना कोण सांगणार?

आम्ही म्हणतो, चौथीच्या वर्गात तालुका कोर्टातला वकील बोलवा. शक्यतो वस्तीतूनच शिकून गेलेली वकील ताई. भाषण नको, मुलाखत हवी. प्रश्न पोरांनीच लिहायचे. 'फी नसेल तर?' 'सरकारी वकील कोण नेमतं?' 'मला व्हायचं तर किती वर्षं?'

'एवढ्या लहानांना कायदा कशाला?' म्हणणाऱ्या गुरुजींना आमचा सवाल: अत्याचाराच्या केसमध्ये आईचं बोट धरून कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या पोराचं वय कोणी विचारलं होतं?

महाडचा सत्याग्रह १९२७ चा. चवदार तळ्याचा हायकोर्टातला निकाल १९३७ चा. रस्त्यावरची लढाई कोर्टातही दहा वर्षं लढावी लागली. अनुसूचित जातींना मोफत वकील देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. बारावीनंतर पाच वर्षांत वकिलीची पदवी मिळते. वस्तीत हे किती घरांना माहीत आहे?

मित्रांनो, डीजेची वर्गणी नंतर. आधी शाळेला अर्ज द्या.

जय भीम!