दरसाल ताजी सनद

'सनद' हा शब्द मला उर्दूच्या तासालाही लागतो आणि मराठीच्या तासालाही. अरबी-फारसीतून तो दख्खनच्या दफ्तरांत आला आणि मराठीत असा मुरला की वकिलाची सनद म्हणताना कुणाला तो परका वाटत नाही. जुन्या कागदांत इनाम देताना अधिकाऱ्यांना बहुधा एक ठरलेली ताकीद असे : दरसाल ताज्या कागदाची मागणी करू नये. एकदा दिले ते दिले. जमिनीच्या इनामाला हे शोभते. आग विझवणाऱ्या माणसाच्या प्रमाणपत्रालाही हाच नियम लावावा का, असा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे अग्निशामक कसा होतो ते पाहा. नगरपरिषदांच्या भरतीच्या जाहिरातीत साधारणपणे दहावी पास, उंची-छाती-धावण्याची अट आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मागतात. पुढे अधिकारी व्हायचे तर वरचे अभ्यासक्रम आहेत. १९५६ मध्ये रामपूरला सुरू होऊन नंतर नागपूरला आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय तर देशभर नावाजलेले आहे. पण हे सारे वर चढणाऱ्यांसाठी. जो पंचवीस वर्षे पाइप हातात धरून सर्वांत पुढे उभा राहतो, त्याच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. उजळणी वर्ग होतात, कवायतीही होतात. पण त्या झाल्या नाहीत म्हणून कुणाचे प्रमाणपत्र संपत नाही.

आता कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. नियम चांगला आहे. भिंतीवरच्या लाल सिलिंडरला दर सहा महिन्यांनी परीक्षा द्यावी लागते. मग आगीत शिरणाऱ्या माणसाने ती आयुष्यात एकदाच द्यावी, हे कोणते शहाणपण?

कुणी म्हणेल, आग ती आग, तिच्यात नवे काय शिकायचे? पण आग बदलली आहे. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या जवानाने दुचाकीची आग म्हणजे पेट्रोलची आग एवढेच शिकले होते. आज बॅटरीवरची दुचाकी पेटते. लिथियम बॅटरीची ज्वाला पावडर मारून क्षणभर बसते, पण आतल्या घटांची उष्णता तशीच राहते आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. गच्चीवरच्या सौर पॅनलवर ऊन पडत असेल तोवर वीज तयार होत राहते; खालचे मुख्य बटण बंद केले तरी पॅनलपासून येणाऱ्या तारा जिवंत असतात. कोविडच्या काळात रुग्णालयांत प्राणवायूचा वापर कितीतरी वाढला, आणि प्राणवायू जास्त असेल तिथे साधी चादरही भडकून जळते. हे पुस्तकी ज्ञान नव्हे, माहीत नसेल तर जीव जातो.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. आग विझवणाऱ्या दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीत देश हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो. मे २०१५ मध्ये काळबादेवीची जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अनुभवी अधिकारी आपण गमावले. त्यांच्या ज्ञानात उणीव होती असे मी मुळीच म्हणत नाही. मला एवढेच विचारायचे आहे की त्या ढिगाऱ्यातून मिळालेला धडा भिवंडीच्या गोदामांपुढे आणि मालेगावच्या यंत्रमागांपुढे उभ्या राहणाऱ्या जवानापर्यंत कोण नेतो, कधी नेतो? पुष्पचक्र दरवर्षी वाहिले जाते. धडाही दरवर्षी दिला गेला पाहिजे.

यावरचा आक्षेप मला शिक्षक म्हणून चांगला ठाऊक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांकडून वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. अशी प्रशिक्षणे मी पाहिली आहेत : सही, चहा, पडद्यावरची चित्रे, पुन्हा सही. अग्निशामकाच्या बाबतीत असा खेळ झाला तर ताज्या सनदेपेक्षा जुनीच बरी. म्हणून परीक्षा कागदावर नको, अंगावर हवी. श्वसनयंत्र चढवून धुराने भरलेल्या खोलीतून माणूस बाहेर आणता येतो का, हे दर दोन-तीन वर्षांनी पाहावे. जो कमी पडेल त्याला काढू नये, शिकवावे. खर्च नगरपालिकेने उचलावा आणि प्रशिक्षणाचा दिवस कामाचा दिवस धरावा. कंत्राटी जवानांना यातून वगळले तर सगळेच व्यर्थ, कारण ज्वाळा कायम आणि कंत्राटी असा भेद करत नाहीत. अमेरिकेत आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या राष्ट्रीय नोंदणीचे प्रमाणपत्र, जे तिथल्या कितीतरी अग्निशामकांकडे असते, दर दोन वर्षांनी ४० तास शिकून नवे करावे लागते. हे अशक्य नाही.

आणखी एक गोष्ट भाषेची. नवे ज्ञान बहुतेक इंग्रजीत येते आणि अधिकाऱ्यांपाशी थांबते. ते सोप्या मराठीत जवानाच्या हाती पडले पाहिजे. भरतीला मराठीची अट घालणाऱ्या व्यवस्थेने शिकवणेही मराठीतच करावे, एवढी मागणी फार नाही.

आपल्या समाजातली किती तरी मुले 'फायर सेफ्टी'च्या खासगी डिप्लोमावर आखातातल्या नोकरीच्या आशेने घरचे पैसे घालतात. पालकांनो, पैसे भरण्याआधी विचारा : या कागदावर नगरपालिकेची भरती मिळेल का? प्रात्यक्षिक किती तास? आणि आपल्या वॉर्डात मत मागायला येणाऱ्यालाही विचारा : आपल्या गावच्या जवानांचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले? यंत्रमाग, गोदामे आणि अरुंद गल्ल्या आपल्याच वस्त्यांत आहेत. गाडी येईल तेव्हा तीतून उतरणाऱ्या माणसाची सनद ताजी असली पाहिजे, आपल्यासाठी आणि त्याच्या घरी वाट पाहणाऱ्यांसाठीही.