काश्मिरी दरवाजा आणि शंभर मीटर

दिल्लीत काश्मिरी दरवाजाचे नाव रोज हजारो प्रवासी घेतात, पण ते मेट्रो स्थानकाचे किंवा बसअड्ड्याचे. शहाजहानाबादच्या तटातील मूळ वास्तूकडे क्वचितच कोणी वळतो. ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या सैन्याने याच तटाला वेढा घातला होता; तो निष्फळ ठरला. पुढे इंग्रजांनी १८३५ मध्ये हा दरवाजा दुहेरी कमानींचा केला आणि १४ सप्टेंबर १८५७ रोजी त्यांनाच तो सुरुंगाने फोडावा लागला. तोफगोळ्यांच्या खुणा आजही दिसतात.

दरवाजा केंद्रसंरक्षित आहे. १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, तर त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहे. हेतू योग्यच, परंतु माळरानावरील एकाकी कबरीला आणि दाट वस्तीतील दरवाजाला एकच माप लावले जाते. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीचे जुने वाडे याच नियमात अडकले आहेत.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, वारशाचा लाभ साऱ्या देशाला आणि खर्च मात्र शेजाऱ्याला. अशाने शेजारी वास्तूचा राखणदार होण्याऐवजी विरोधक होतो.

वास्तुनिहाय उपविधी करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ते रहिवाशांना विश्वासात घेऊन त्वरेने करावेत. ज्यांचा बांधकामाचा हक्क गोठतो, त्यांना मालमत्ता करात सवलत द्यावी. नुसत्या मनाईने वास्तू फार काळ टिकत नाही.