एकट्या वाटसरूची वाट

इंग्रज येथून 1947 साली गेला. जाताना त्याची कचेरी, त्याचा कायदा, त्याचा चहा, त्याचे क्रिकेट, इतकेच काय पण हाताखालच्या माणसावर रागावण्याची त्याची तऱ्हाही आम्ही ठेवून घेतली. परंतु त्याच्या घरची एक अगदी बिनखर्ची सवय आम्ही कधी उचललीच नाही. ती सवय म्हणजे पाठीवर लहानशी पिशवी टाकून, सोबतीला कोणासही न घेता, शेताशेतातून व माळामाळावरून दिवसचे दिवस पायी हिंडण्याची. हॅझलिट या निबंधकाराने 1822 साली अशा भ्रमंतीचे सुख एकट्यानेच घ्यावे असे प्रतिपादन केले. स्टीव्हन्सनने 1876 साली तोच पक्ष उचलून धरला. पुस्तकी लोकांचीच ही हौस आहे असेही नव्हे. तेथील शाळामास्तर, कारकून, गिरणीतला कामगार, पेन्शनीत निघालेली बाई, असे कोणीही शनिवारी सकाळी आगगाडीने एखाद्या लहान स्टेशनावर उतरते आणि रविवारी सायंकाळी दहा कोसांवरच्या दुसऱ्या स्टेशनावर गाडीत बसते. त्यास कोणी वेडा म्हणत नाही.

हाच प्रयोग आमच्या तळेगाव दाभाडे येथे कोणी करून पाहावा. स्टेशनावर उतरून इंदुरीच्या रोखाने पायी निघालेल्या, बऱ्यापैकी कपडे घातलेल्या गृहस्थास पहिल्या अर्ध्या कोसात तिघेजण तरी गाडी थांबवून विचारतील, ‘‘काका, गाडी बंद पडली काय?’’ पुढे बांधावरचा म्हातारा विचारील, ‘‘पाव्हणं, कुणीकडं निघाला? संगं कुणी न्हाई?’’ या विचारण्यात माया आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या मायेच्या मुळाशी एक ठाम समजूत बसली आहे. पायी चालणारा हा गरजू असतो आणि एकटा चालणारा हा दुःखी, संशयास्पद किंवा घरातून भांडून निघालेला असतो, ही ती समजूत. ज्याच्यापाशी मोटार आहे त्याने चालावे कशास, आणि चालायचेच तर चार मित्र, डबे व गाणी वाजविणारे यंत्र घेतल्यावाचून चालावे कसे, असा आमच्या मध्यम वर्गाचा प्रश्न असतो.

गंमत अशी की, हा प्रश्न जेथे विचारला जातो तो मुलूखच एकट्या चालणाऱ्यांचा आहे. भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर या तीन डोंगरांवर तुकोबा एकांतासाठी जात असत, असे परंपरा सांगते. तिन्ही डोंगर आमच्या या टापूतले. इंदुरी ओलांडली की भंडारा. चाकणच्या पश्चिमेस भामचंद्र. आणि तळेगावाहून पुण्याच्या वाटेस लागले की शेलारवाडीजवळ घोराडेश्वराची लेणी. वारी हा समूहाने चालण्याचा सोहळा आहे व त्याचे कौतुक आम्ही दरवर्षी करतो. परंतु ज्याच्या पालखीमागे लाखो लोक चालतात तो स्वतः डोंगराकडे निघे तेव्हा त्याच्यामागे कोणी नसे, एवढे तरी लक्षात ठेवावयास हरकत नाही. अलीकडचे उदाहरण पाहिजे असल्यास गो. नी. दांडेकरांचे घ्यावे. लहानपणीच घर सोडून निघालेला, नर्मदेची परिक्रमा पायी केलेला, गडकिल्ल्यांचा नाद आयुष्यभर न सोडलेला हा लेखक पुढे तळेगावचाच होऊन राहिला आणि 1998 साली वारला. त्यांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी राजमाचीची आहे. घाटमाथ्यावरची माती पायाखाली घातल्यावाचून ती लिहिता आली असती असे आम्हांस वाटत नाही. आणि त्याही मागे जावयाचे तर वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 1857 साली काकांसह उत्तरेची जी वाट धरली, तिचा वृत्तांत 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापून प्रसिद्ध केला तेव्हा एका गरीब भिक्षुकाच्या पायांनी इतिहासास केवढे साहित्य पुरविले हे सुशिक्षितांस कळले.

तेव्हा चालणे आम्हांस परके नाही. मग अडले कोठे? आमच्या मते दोन ठिकाणी. एक मनात आणि एक जमिनीवर. मनातली अडचण वर सांगितली. जमिनीवरची अडचण अधिक गंभीर आहे, कारण ती दरवर्षी वाढत आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ती अडचण म्हणजे पायवाटांचा नाश.

येथे इंग्लंडचे उदाहरण नीट पाहिले पाहिजे. तेथील वाटा काही राजाने दान केल्या नाहीत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकात तेथील गावोगावची सामाईक राने कुंपणे घालून खासगी झाली आणि कित्येक मोकळ्या माळांवर जमीनदारांच्या शिकारीकरिता पहारेकरी उभे राहिले. मँचेस्टर व शेफील्ड या दोन कारखानी शहरांच्या मध्ये किंडर स्काउट नावाचे पठार आहे. आठवडाभर यंत्रांच्या धुरात राबणाऱ्या तरुणांस रविवारी तेथे पाय ठेवण्याची मनाई होती. दिनांक 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन नावाच्या तरुण कामगाराच्या पुढाकाराखाली काही शेकडा लोक त्या पठारावर हुकूम मोडून चढले. पाच जणांस कारावास झाला. त्याच वर्षी तेथील पार्लमेंटने असा कायदा केला की, एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे बिनतक्रार व हक्काने चालत आले असतील तर ती वाट सार्वजनिक झाली असे मानावे. पुढे 1935 साली टॉम स्टीफन्सन याने एका दैनिकात लेख लिहून देशाच्या पाठकण्यावरून जाणारी एक लांबच लांब हिरवी वाट असावी, अशी मागणी केली. 1949 साली वाटांची अधिकृत नोंद करण्याचा कायदा झाला आणि स्टीफन्सनने मागितलेली 268 मैलांची पेनाइन वाट 1965 साली, किंडरच्या सत्याग्रहाच्याच तारखेस, खुली झाली. एका वर्तमानपत्री लेखाचे फळ तीस वर्षांनी मिळाले. आम्हां पत्रकारांस यात धीर आहे, आणि घाई न करण्याचा इशाराही.

वाचकांनी एक गोष्ट हेरली असेल. ही चळवळ निवांत उमरावांनी केली नाही. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या मजुरांनी केली. पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकण हा आज तसाच पट्टा आहे. त्यात मराठवाड्यापासून बिहारपर्यंतचे लाखो तरुण आठ बाय दहाच्या खोल्यांतून राहतात. सुटीच्या दिवशी त्यांनी जावे कोठे? मॉलमध्ये जावे तर पैसे लागतात. आणि चालावे म्हटले तर तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेशेजारी, जेथे पायरस्ता नावाची वस्तू बहुतेक ठिकाणी नाहीच, तेथे जीव मुठीत धरून चालावे. कामावर जाताना ते रोज तसे चालतातच. चालण्याच्या आनंदावर लिहिताना या सक्तीच्या चालण्याचा विसर पडू देणे हे आम्ही पाप समजतो. ज्यास पोटासाठी धुरळ्यातून दोन मैल तुडवावे लागतात त्यास ‘चालणे आरोग्यास हितकर आहे’ असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. परंतु त्याच माणसास कार्तिकातल्या एखाद्या सकाळी मावळातल्या पिकलेल्या भाताच्या वासातून, कोणाचाही हुकूम पाठीशी नसताना, चार तास एकटे चालता आले तर त्याची किंमत आम्हां खुर्चीवाल्यांपेक्षा त्यासच अधिक कळेल.

आता आमच्या कायद्याची स्थिती पाहू. 1906 चा मामलेदार कोर्टांचा कायदा आहे; त्याअन्वये शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. 1966 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे. त्याअन्वये शेतकऱ्यास दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्यास वाट मिळते. दोन्ही कायदे चांगले आहेत. पण दोहोंचा धनी जमीनधारक आहे. ज्याच्या नावे सात-बारा नाही, जो केवळ या गावाहून त्या गावास चालत जाऊ इच्छितो, त्या वाटसरूने दाद मागावी असे सोपे दार त्यांत नाही. पाणंद रस्त्यांसाठी सरकारने 2021 साली मोठी योजना काढली, तीही ट्रॅक्टर शेतापर्यंत जावा म्हणून. आणि तसे व्हावयास हवेच. चालणाऱ्याचा विचार मात्र तीत कोणास सुचला नाही.

तरी पण आमच्या हाती एक उत्तम साधन पडून आहे व ते इंग्रजाच्याच काळच्या मोजणीचे आहे. ते म्हणजे गाव नकाशा. या नकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखविलेली असते. या एका तुटक रेषेत आमच्या आजोबा-पणजोबांचे येणेजाणे, लग्ने, बाजार, दिंड्या साठविलेल्या आहेत. आज जमीन प्लॉट पाडून विकली जाते, विकत घेणारा मुंबईचा असतो, तो भोवताली भिंत घालतो, भिंतीत लोखंडी दरवाजा बसवितो, दरवाजावर ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी लावितो; आणि नकाशातली तुटक रेषा त्याच्या हिरवळीखाली निमूटपणे गाडली जाते. तिची फिर्याद कोण करणार? गावचा माणूस मोटारसायकलीवर बसला. त्यास वळसा पडला तरी पाच मिनिटांचाच. बायाबापड्या मात्र डोक्यावर ओझे घेऊन तो वळसा घालतात, आणि त्यांचे म्हणणे ग्रामसभेच्या वहीत क्वचितच उतरते.

वाट नाहीशी होणे हा एक प्रकार. ती असूनही बेवारशी राहणे हा दुसरा. इंदुरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल दिनांक 15 जून 2025 रोजी, रविवारच्या गर्दीत, कोसळला आणि चौघे प्राणांस मुकले. तो पूल एरवी आसपासच्या लोकांच्या पायी ये-जा करण्याचा होता. त्यानंतर बंदीचे हुकूम, पाट्या व बंदोबस्त यांची धांदल उडाली. आम्ही एवढेच विचारतो की, ज्या पुलावरून मोटारी जातात त्याची जितकी तपासणी होते तितकी पायी चालणाऱ्यांच्या साकवांची होते काय? धबधब्यापाशी जमणाऱ्या झुंडीस आळा घालावाच. पण झुंड आणि वाटसरू या दोहोंस एकाच हुकुमाने हाकलणे हा आळशी कारभाराचा मार्ग आहे. उलट वाटा पुष्कळ असल्या तर माणसे विखुरतात. एकाच कुंडावर व एकाच पुलावर हजारो लोक लोटतात ते दुसरीकडे जाण्यास मोकळी जागा माहीत नसते म्हणूनही.

शेतकरी म्हणेल, शहरातले लोक येतात, दारूच्या बाटल्या फोडून जातात, हरभरा उपटतात, म्हशी बिचकवितात. यांस वाट द्यावी कशी? तक्रार खरी आहे. इंग्लंडातही ती होती व आहे. परंतु तेथे त्यावर तोड निघाली ती दोन्ही बाजूंस बांधणारी. चालणाऱ्याने वाट सोडावयाची नाही, फाटक होते तसे लावावयाचे. आणि शेतकऱ्याने शेतातून जाणारी पायवाट नांगरली तर 1990 च्या कायद्याप्रमाणे साधारणतः चौदा दिवसांच्या आत निदान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा मोकळी करून द्यावयाची. एक मीटर! आमच्या बांधावरून बैल हाकणाऱ्यास एवढी जागा कोणी नाकारणार नाही. नासधूस करणारे लोक बहुधा गाडीतून येतात व गाडीपासून शंभर पावलांवर बसतात, हेही आमच्या मावळातल्या शेतकऱ्यांनी पाहिलेले आहे.

दुसरा आक्षेप स्त्रियांविषयी येईल, आणि तो करणारे बहुधा पुरुषच असतील: एकटी बाई रानातून कशी चालणार? आम्ही उलट विचारतो, ती चालू शकत नसेल तर त्या रानाचा बंदोबस्त कोणी ठेवावयाचा? मावळातली कातकरी व ठाकर बाई मोळी घेऊन एकटी डोंगर उतरते तेव्हा तिच्या सुरक्षिततेची काळजी या गृहस्थांस कधी वाटलेली दिसत नाही. काळजी वाटते ती आपली शिकलेली सून किंवा लेक स्वतःच्या मर्जीने, कामावाचून, हिंडू लागेल याची. आणि वाटेच्या हक्काचा विषय निघालाच आहे तर हेही विसरता येत नाही की, या देशात पायाखालची वाट सर्वांस सारखी कधीच नव्हती. गावातल्या कोणत्या रस्त्याने कोणी जावे हे जातीवरून ठरत असे. ज्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन सार्वजनिक या शब्दाचा अर्थ देशास शिकविला, त्यांचा एक बंगला तळेगावी होता, याचा आम्हांस अभिमान आहे. तळे सार्वजनिक तशी तळ्याकडे जाणारी वाटही सार्वजनिक.

व्यापारी बंधूंस यात आपला काय लाभ असे वाटेल. मोटारवाला तळेगाव न थांबता द्रुतगती मार्गाने ओलांडतो. त्या मार्गावर पायी चालणाऱ्यास तर मज्जावच आहे. पायी येणारा मात्र प्रत्येक गावात थांबतो. तो चहा घेतो, भाकरी-पिठले मागतो, छत्री मोडली तर छत्री घेतो, रात्री पथारी टाकण्यास खोली शोधतो. एका मोटारीची उलाढाल तो करणार नाही हे कबूल. पण त्याचा पैसा इंदुरी, सुदुंबरे, नवलाख उंबरे अशा गावी पडतो, जेथे मोटारवाला काचही खाली करीत नाही.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. तळेगावची नगरपरिषद व भोवतालच्या ग्रामपंचायती यांनी आपापला गाव नकाशा भूमिअभिलेख कचेरीतून आणवून, मोठा करून, सर्वांस दिसेल अशा भिंतीवर टांगावा. त्यातली प्रत्येक तुटक रेषा गावच्या दोन माणसांनी प्रत्यक्ष चालून पाहावी. एक म्हातारा, ज्यास जुनी वाट आठवते, आणि एक शाळेतली मुलगी, जी ती लिहून काढील. जेथे भिंत आडवी येईल तेथे भिंतीच्या मालकाचे नाव न घेता केवळ गट क्रमांक लिहावा, आणि ती यादी येत्या ग्रामसभेपुढे ठेवावी. तळेगाव स्टेशनापासून इंदुरी, भंडारा, सुदुंबरे करून भामचंद्रापर्यंत आणि दुसऱ्या अंगास घोराडेश्वरापर्यंत एक सलग पायवाट, डांबराखेरीज, फरसबंदीखेरीज व कमानीखेरीज, केवळ दगडावर चुन्याचा एक पट्टा ओढून दाखविता येईल. तिच्या उद्घाटनास मंत्र्यांस बोलावू नये; त्यांच्या गाड्या उभ्या करण्यास तेथे जागा नाही.