तरवडीची साक्ष

अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, विसाव्या शतकातील इतिहास लिहिताना पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांवर विसंबण्याची जी सवय अभ्यासकांना जडली आहे, तिच्यामुळे नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी चालवलेले ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक दुय्यम साधन ठरते, आणि हा अन्याय आहे. १९१० मध्ये सुरू झालेले हे पत्र सत्यशोधक चळवळीचे, म्हणजे जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या समाजाच्या विचारांचे होते. सावकारी, पुरोहितशाही आणि शेतकऱ्याचे दैन्य यांविषयीचा त्यातील मजकूर हे सारे सोसणाऱ्यांच्या गावातच लिहिला जात होता. अर्थात जवळीक म्हणजे निःपक्षपात नव्हे. ‘दीनमित्र’ला स्वतःची बाजू होती, जशी १८४२ मध्ये नगरलाच अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ला धर्मप्रसाराची होती. साधनचिकित्सेत, म्हणजे माहितीचा उगम आणि विश्वासार्हता तपासण्याच्या पद्धतीत, लेखक कोण, वाचक कोण, खर्च कोणी सोसला आणि घटना व तिची नोंद यांत अंतर किती, हे प्रश्न विचारले जातात. ते पुण्याच्या ‘केसरी’लाही तितक्याच काटेकोरपणे विचारले गेले पाहिजेत, आणि त्यासाठी ‘दीनमित्र’चे जुने अंक त्याच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.