मुक्कामी गाडी आणि अवधानची पहिली पाळी

पौषातले वारे पांझरेवरून येऊन अंगाला झोंबू लागले, म्हणजे पिंपळनेरच्या बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहाचे पहिले आधण चढण्याच्या सुमारास जी चार-दोन तरुण मंडळी कानटोप्या ओढून आणि डब्याची पिशवी फटफटीच्या मुठीला अडकवून उभी असतात, त्यांच्यापैकी एखादा सदऱ्याची वरची बटणे सोडून छातीशी वर्तमानपत्राची घडी सरकवताना हमखास दिसतो. वारा अडवायला कागदासारखे स्वस्त साधन दुसरे नाही. प्रस्तुत मजकूर ज्या पानावर छापला जाईल, तेही उद्या कोणाच्या तरी सदऱ्याखाली जाईल, आणि एरवी वर्तमानपत्रातील लेखांचे जे होते त्या मानाने ही गती बरीच सन्मानाची म्हटली पाहिजे.

ही मंडळी धुळ्याकडे निघालेली असतात. सुटीचा दिवस घरी काढून धुळ्यातील भाड्याच्या खोलीवर परतायचे आणि तिथून थेट पहिल्या पाळीला उभे राहायचे, असा त्यांचा क्रम. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये ज्या गावाच्या नावाने अख्खा तालुका नोंदला गेला होता, त्या गावच्या पोरांना आता पोटासाठी पाऊणशे किलोमीटर पूर्वेला जावे लागते. साक्रीजवळच्या भाडण्याचा पांझराकान साखर कारखाना दीर्घकाळ बंद राहिला, आणि तालुक्याच्या माळांवर ज्या पवनचक्क्या फिरतात व सौर पट्ट्या चमकतात, त्या वीज देतात, हजेरी देत नाहीत. मग कोणी सुरतेची वाट धरतो, कोणी सटाण्यामार्गे नाशिकच्या अंबड-सातपूरची, आणि ज्याला आईबापांपासून फार दूर जाववत नाही तो अवधानच्या औद्योगिक वसाहतीची.

अवधान हे धुळ्याच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गावर. पश्चिमेकडून, म्हणजे नेर, कुसुंबा, मोराणे या सुरत रस्त्यावरच्या गावांतून येणाऱ्याला धुळे ओलांडल्याखेरीज तिथे पोहोचता येत नाही. लळिंग, आर्वीकडून येणाऱ्याला मालेगावहून सुटलेल्या अवजड मालमोटारींच्या रांगेत आपली फटफटी घालावी लागते. हिंजवडीच्या चौकातील कोंडीची छायाचित्रे साऱ्या महाराष्ट्राने पाहिली, आणि तिच्या निवारणासाठी माणपासून शिवाजीनगरापर्यंत २३ किलोमीटरची मेट्रो आखली गेली. आमच्याकडे कोंडी होत नाही. पहाटेच्या अंधारात, मागच्या आसनावर गावचाच एक जोडीदार घेऊन, महामार्गाच्या कडेने जाणारी एकेक फटफटी कोणाच्या वाटेत येत नाही आणि म्हणून कोणाच्या नजरेतही येत नाही. नजरेत येते ती पंचनाम्याच्या वेळी.

अशाच एका पंचनाम्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि त्याचा निकाल प्रत्येक कारखानदाराने वाचून ठेवण्यासारखा आहे. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिला असता अपघातात मरण पावला. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला रक्कम मंजूर केली. तो माणूस अद्याप कामावर पोहोचलाच नव्हता, या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याची वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध होत असल्यास, नोकरीच्या ओघातच झालेला मानला पाहिजे. राज्य कामगार विमा योजनेच्या कायद्यात याच आशयाचे कलम २०१० मध्ये घातले गेले होते. बावीस वर्षे त्या घरातील माणसांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे कायद्याने मान्य केले की पाळी फाटकाशी सुरू होत नाही. ती उंबऱ्याशी सुरू होते.

जुन्या गिरणीमालकांना हे न्यायालयाने सांगण्याची गरज पडली नव्हती. अमळनेरची प्रताप मिल १९०६ सालची. त्या पिढीच्या गिरण्यांच्या आसपास कामगारांच्या चाळी उठत, आणि भोंग्याचा पहिला सूर निघाला की मजूर पायी निघून दुसऱ्या सुरापर्यंत आत पोहोचत असे. त्या चाळी स्वर्ग होत्या असे मुळीच नव्हे; पण मजूर जिथे झोपतो आणि जिथे राबतो त्या दोन ठिकाणांमधील अंतर हा मालकाच्या हिशेबातला विषय आहे, एवढी व्यावहारिक जाणीव त्यांच्यामागे होती. ती जाणीव आज उरली आहे ती, सांगायला संकोच वाटतो, ऊसतोडीच्या मुकादमापाशी. आमच्या पश्चिम पट्ट्यातील पाड्यांवरून गुजरातच्या ऊसमळ्यांकडे टोळ्या न्यायच्या वेळी तो मालमोटार थेट पाड्याच्या तोंडाशी आणून उभी करतो. त्याचा हेतू धर्मादायाचा नसतो. माणूस वेळेवर पोहोचला नाही तर तोड अडते, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. १९६२ पासून राज्यभर औद्योगिक वसाहती वसवणाऱ्या महामंडळाने भूखंड, पाणी, रस्ते, वीज यांची तजवीज केली; जो माणूस यंत्राची कळ दाबणार तो कसा येणार, हा तपशील मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडला गेला.

उपाय शोधण्यासाठी परदेशी तज्ज्ञ बोलावण्याचे कारण नाही, कारण तो आमच्या गावोगावच्या पारावर रोज रात्री झोपायला येतो. मुक्कामी गाडी ही एस.टी.च्या शिरस्त्यातील एक फार शहाणपणाची वहिवाट आहे. रात्री शेवटच्या फेरीला गावात आलेली गाडी तिथेच थांबते, चालक-वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा देवळाच्या ओसरीत पथारी टाकतात, आणि उजाडता उजाडता तीच गाडी दूधवाले, शाळकरी पोरे आणि तालुक्याच्या कचेरीत दरखास्त घेऊन जाणारे म्हातारे यांना घेऊन परत निघते. दोष एवढाच की तिची वेळ शाळेच्या घंटेवर आणि कचेरीच्या उघडण्यावर बेतलेली असते, भोंग्यावर नव्हे. आणि तिचा प्रवास धुळ्याच्या स्थानकात संपतो, जिथून अवधानपर्यंतच्या पुढच्या टप्प्यासाठी रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते. मागे एकदा साक्रीच्या स्थानकावर एक तरुण मला म्हणाला होता, "गाडी चुकनी का हजेरी गई, भाऊ." एका वाक्यात त्याने साऱ्या वेळापत्रकाचे परीक्षण केले होते.

सातच्या पाळीला माणसे उतरवणारी गाडी त्याच फाटकाशी रात्रपाळी सुटलेली माणसे भरून घेऊ शकते. म्हणजे एकाच फेरीत जाताना एक पाळी आणि येताना दुसरी, आणि रिकामी धाव कुठेच नाही. सकाळी शहराकडे भरून आणि परतताना मोकळी, हे ज्या एस.टी. महामंडळाचे जुने दुखणे आहे, त्याला याहून भरवशाचे उतारू कुठे मिळणार? चाळीस-बेचाळीस आसनांची एक साधी गाडी म्हणजे रस्त्यावरच्या, प्रत्येकी दोघांच्या, वीस-एकवीस फटफट्या कमी. मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो, ही सवलत कामगाराइतकी उपयोगी दुसऱ्या कोणाला असेल असे वाटत नाही. पंचवीस माणसांचा लहान कारखाना स्वतःची गाडी ठेवू शकत नाही हे मान्य; पण लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपण ज्या प्रासंगिक करारावर एस.टी. ठरवतो, त्याच धर्तीचा करार वसाहतीतील दहा-बारा उद्योजकांनी मिळून वर्षभरासाठी करायला कोणती हरकत आहे? पाळ्यांच्या वेळा पुरेशा अंतराने मागेपुढे केल्या तर तीच गाडी दोन फेऱ्या करील.

रेल्वेविषयी थोडक्यात. चाळीसगाव-धुळे फाटा १९०० पासून चालू आहे, आणि धुळ्याच्या अलीकडचे त्याचे स्थानक मोहाडी प्रगणे लळिंग हे वसाहतीच्या बाजूचेच आहे. प्रगणे गेले, नाव राहिले. शिरूड, बोरविहीरच्या कामगारांसाठी तिथली एक गाडी पाळीशी जुळवून घेणे अशक्य नाही. मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. त्यावरून गाडी धावेल तेव्हा धावेल, उद्याच्या सातच्या पाळीला तिचा उपयोग नाही.

स्त्रियांचा प्रश्न याहून अवघड. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त त्यांना अर्धे भाडे लागते, त्याचा लाभ त्या दिवसपाळीपुरता घेतात. परंतु रात्री अकराला सुटणाऱ्या पाळीनंतर गाडीच नसेल, तर अर्ध्या भाड्याचे काय करायचे? काळीपिवळीत दाटीवाटीने बसून काळोखात फाट्यावर उतरण्यापेक्षा घरातील वडीलधारी नोकरीच सोडायला सांगतात, आणि मग उद्योजक म्हणतात, आमच्याकडे बायका कामाला येत नाहीत.

पिंपळनेरच्या माणसाने रोज दीडशे किलोमीटर ये-जा करावी, असे मी म्हणणार नाही. तो जुलूम ठरेल. आमच्यासाठी सुटी संपल्याच्या पहाटे थेट अवधानपर्यंत जाणारी एक गाडी पुरे. रोजची गाडी हवी आहे ती नेर-कुसुंब्याच्या टापूला आणि दक्षिणेकडे आर्वीला. एस.टी. महामंडळाच्या धुळे विभागाने आणि अवधानच्या उद्योजकांनी एकत्र बसून तीन महिन्यांच्या मुदतीवर एवढा प्रयोग करून पाहावा, आणि उत्पन्न आले नाही तर तो बिनदिक्कत बंद करावा. नेरला मुक्कामी असलेली गाडी साडेपाचला निघाली, तर तासाभरात अवधानच्या फाटकाशी उभी राहते.